‘बाई, हे खरंच घडलं होतं का?’

पत्र : आदरणीय बाई, मी माण तालुक्यातल्या एका गावात, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. नोकरीचं हे चौथं वर्ष. एक तुकडी सेमीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारी आहे. गोष्टीचा पाठ असला की वर्ग रंगतो, पण तो मी मराठीत सांगते म्हणून रंगतो हे मला कळतं. एखादं चरित्र, पर्यावरणावरचा लेख किंवा भाषण आलं की मुलं विचारतात, ‘यातलं परीक्षेला काय?’ मग मी वाक्य वाचते, अर्थ सांगते, शब्दार्थ फळ्यावर लिहिते, उत्तरं उतरवून देते. परवा नववीत गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘बाई, हे खरंच घडलं होतं का?’ मी म्हटलं, ‘नाही रे, गोष्ट आहे ती.’ तो म्हणाला, ‘मग कशाला शिकायची?’ वर्ग हसला, मीही हसले, पण ते डोक्यातून जात नाही. सहकारी म्हणतात, मुलांना अर्ज लिहिता आले आणि सूचना वाचता आल्या तरी पुष्कळ झालं, गोष्टी उरकून टाका. गोष्ट आणि माहितीचा पाठ वेगवेगळा शिकवायचा असतो का? आणि कसा?

उत्तर :

प्रिय ताई,

त्या मुलाला आधी माझ्याकडून शाबासकी द्या. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवताना मला जे प्रश्न खरोखर उपयोगी पडले ते हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आहेत, आणि त्याचा हा प्रश्न त्यात पहिला येतो. ‘हे खरंच घडलं होतं का?’ असं विचारणारा मुलगा वाचत असतो. ‘यातलं परीक्षेला काय?’ असं विचारणारा अजून वाचायला लागलेला नसतो. पण त्यात त्याचा दोष नाही, आपणच त्याला ती सवय लावलेली असते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार जवळची वाटली. तुम्ही लिहिता, वाक्य वाचते, अर्थ सांगते, शब्दार्थ लिहिते, उत्तरं उतरवून देते. मी पहिली सात-आठ वर्षं अगदी हेच केलं. गोष्ट असो, लेख असो, भाषण असो, सगळ्यांना एकच चाकोरी. मुलांच्या वह्या भरलेल्या असायच्या, निकालही बरा लागायचा, आणि दहावी झालेली मुलगी बँकेतला इंग्रजी फॉर्म हातात घेऊन माझ्याकडे यायची, ‘बाई, एवढं वाचून दाखवता?’ तिच्या हातातला तो फॉर्म बघून मला वाटलेली लाज अजून आठवते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, वेगवेगळं शिकवायचं’ असंच आहे. फरक कुठे आहे तेवढं नीट धरलं की बाकीचं तुम्हालाच सुचत जाईल. गोष्ट वाचताना पुरावा गोष्टीच्या आत शोधायचा असतो. माहितीचा मजकूर वाचताना पुरावा पानाच्या बाहेर जाऊनही तपासता येतो, आणि तपासायला हवा. म्हणून गोष्टीच्या तासाला विचारायचं, ‘कुठल्या ओळीवरून म्हणतोस?’ आणि माहितीच्या तासाला विचारायचं, ‘लिहिणाऱ्याला हे कशावरून कळलं? आपल्याला पडताळता येईल का?’ ही दोन वाक्यं तुमच्या पाठटाचणाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आधी गोष्टीचं बघू. मी एकदा नववीत पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर तीन छोटी इंग्रजी वाक्यं लिहिली. मराठीत सांगायचं तर अशी: दार उघडं होतं. आईच्या चपला उंबऱ्यापाशी नव्हत्या. रघू पाठीवरचं दप्तर न काढताच ओट्यावर बसला. अर्थ सांगितला नाही. सातवीच्या मुलालाही कळतील असे शब्द होते. मग विचारलं, ‘यात न लिहिलेलं तुम्हाला काय काय कळलं?’ पहिल्यांदा शांतता. मग एक जण म्हणाला, आई शेतात गेली असेल. दुसरा म्हणाला, नाही, शेतात जाताना दार ओढून घेतात, दार उघडं आहे म्हणजे घाईत गेली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडणारी, म्हणाली, ‘बाई, दप्तर काढलं नाही. म्हणजे तो घरी थांबणार नाही. आईला शोधायला जाणार आहे.’ मी विचारलं, ‘कुठल्या ओळीवरून?’ ती फळ्यापाशी आली आणि तिसऱ्या वाक्यातल्या ‘विदाउट’ या शब्दाखाली बोट ठेवलं. व्याकरणाच्या तासाला तो शब्द मी चार वेळा शिकवला होता. कळला तो त्या दिवशी.

चर्चा बहुतेक मराठीतच झाली, याची मला अजिबात खंत नाही. मराठी वर्गात केव्हा येते यावर सगळं आहे. आपण मराठी आधी आणतो, म्हणजे गोष्ट सांगून मोकळे होतो, आणि मुलांना इंग्रजी वाक्याकडे बघायचं कारणच उरत नाही. तीच मराठी वाचनानंतर आणा. मुलांना भांडू दे मराठीत, पण भांडण मिटवायला त्यांना इंग्रजी ओळीकडे परत जावं लागेल असा प्रश्न विचारा. शेवटी प्रत्येकाने आपलं म्हणणं इंग्रजीत एका वाक्यात लिहायचं. एकच वाक्य, चुकलं तरी चालेल.

पुढचा मजकूर झाकून ठेवणं हा गोष्टीसाठीचा माझा सगळ्यात भरवशाचा उपाय. शेवटच्या परिच्छेदावर मुलांना वहीचं पान ठेवायला लावा आणि तिथे थांबा. पुढे काय होईल हे लिहू दे, मग पान काढू दे. आणखी एक करून बघा. गोष्ट ज्या पात्राच्या तोंडून आहे ते बदला. मुलाच्या नजरेतून लिहिलेला प्रसंग वडिलांच्या बाजूने चार वाक्यांत लिहायला सांगितला की ‘ही’ आणि ‘आय’ यांची अदलाबदल करताना क्रियापदं आपोआप तपासली जातात, आणि वडील तसे का वागले याचा विचार करावाच लागतो. पात्राचं नाव काय, गाव कुठलं, त्याने काय खाल्लं असले प्रश्न मात्र दोनाच्या वर विचारू नका. लुईस रोझेनब्लाट नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वाचनाचे दोन कल सांगितले होते: वाचून काही घेऊन जाण्यासाठी वाचणं आणि वाचता वाचता ते अनुभवणं. तिकडच्या तिसरीच्या एका सरावपुस्तिकेत कवितेवर प्रश्न होता की ही कविता तुम्हाला कोणती तथ्यं शिकवते. त्या प्रश्नाने त्या अस्वस्थ झाल्या होत्या. आपल्याकडची गाइडं उघडून बघा, पानापानावर हाच प्रश्न वेश बदलून बसलेला दिसेल.

आता माहितीचे पाठ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमची खरी अडचण इथे आहे आणि इंग्रजीच्या पदवीत आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. आपण कादंबऱ्या आणि नाटकं वाचून आलेलो असतो. लेख कसा वाचायचा हे आपणही चाचपडतच शिकतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, मार्चमधली गोष्ट. ज्या गावात मी होते तिथे टँकर सुरू झाले होते. मी नववीसाठी सहा ओळींचा इंग्रजी उतारा तयार केला. त्यात जल जीवन मिशनचं एक वाक्य होतं: ग्रामीण भागात माणशी दररोज 55 लिटर पाणी मिळायला हवं. उतारा वाचून झाल्यावर मी एवढंच विचारलं, ‘हे आपल्या गावात खरं आहे का? दाखवा.’ मुलांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. टँकर 10,000 लिटरचा. घरं अडीचशे. म्हणजे घराला 40 लिटर. घरात पाच माणसं धरली तर माणशी 8 लिटर. एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, तेही रोज आला तर. तो कुठं रोज येतो!’ वर्ग तापला. आणि मग एका मुलीने वहीत लिहिलं ते मला जन्मभर पुरेल. ‘वी शुड गेट फिफ्टी-फाइव्ह लिटर्स. हाउएव्हर, वी गेट एट.’

त्या दोन वाक्यांत काय काय आलं बघा. ‘शुड गेट’ आणि ‘गेट’ यातला फरक, म्हणजे उद्दिष्ट आणि वस्तुस्थिती यातला फरक, तिला कळला होता. उताऱ्यातलं वाक्य खोटं नव्हतं, त्यात काय व्हायला हवं ते लिहिलं होतं. जे होतंय ते वेगळं होतं. आणि हा विरोध दाखवायला तिला ‘हाउएव्हर’ हवा होता म्हणून तो तिने वापरला. मी पाच वर्षं जोडशब्दांची यादी पाठ करून घेत होते, एकाही मुलाने तो शब्द आपणहून वापरला नव्हता.

यातून आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती तुमच्या सेमीच्या तुकडीसाठी फार उपयोगी आहे. माहितीच्या पाठात आपण अवघड वाटणारे शब्द शिकवत बसतो. पण सेमीच्या मुलांना ‘इव्हॅपोरेशन’, ‘टेम्परेचर’ हे शब्द विज्ञानामुळे माहीत असतात. अडतात ती छोट्या शब्दांपाशी. ‘अनलेस’, ‘इव्हन दो’, ‘रादर दॅन’, ‘डेस्पाइट’. या शब्दांपाशी वाक्य वळण घेतं, आणि तिथेच मूल रस्ता चुकतं. पुढच्या वेळी लेखाचे बावीस शब्दार्थ फळ्यावर लिहू नका. मुलांना पेन्सिलीने फक्त हे वळणाचे शब्द शोधून गोल करायला लावा, आणि प्रत्येक गोलापाशी विचारा, ‘आता लिहिणारा पुढे चाललाय की मागे वळलाय?’ बाकी जो शब्द लेखात पुन:पुन्हा येतो तेवढाच समजावून सांगा. गोष्टीत मात्र उलट करा. अनोळखी शब्द आला तर ओलांडून पुढे जाऊ दे. पात्र चिडलं आहे एवढं कळलं की ‘ग्रंबल्ड’चा नेमका अर्थ दोन ओळींनंतर कळला तरी चालतो.

तुमचे सहकारी म्हणतात की सूचना वाचता आल्या म्हणजे पुष्कळ झालं. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. सूचना, वेळापत्रकं, औषधाच्या पाकिटातला कागद, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर हे सगळं वर्गात यायलाच हवं. आपल्याच देशात एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. व्याकरण आधी शिकवायचं नाही, मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यावरून डोकं चालवून सोडवायचा प्रश्न द्यायचा, असं त्याचं स्वरूप होतं. अर्थाच्या मागे लागलं की भाषा येते हा त्यामागचा विश्वास. तुम्ही दहिवडीच्या स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक इंग्रजीत लिहून न्या आणि विचारा, ‘अकराच्या आत साताऱ्याला पोचायचं आहे, वाटेत अर्ध्या तासाचं काम आहे, कोणती गाडी धरशील आणि का?’ त्या ‘का’साठी मुलांना ‘बिकॉज’ लागेल, ‘इफ’ लागेल, ‘बिफोर’ लागेल.

पण गोष्टी उरकून टाका हे दुसरं अर्धं मला मुळीच मान्य नाही. सूचना वाचणाऱ्या माणसाला सूचना देणाऱ्याचा हेतूही ओळखता आला पाहिजे. चपला नाहीत, दप्तर पाठीवर आहे यावरून न बोललेलं ओळखायची सवय गोष्टीतूनच लागते. मोबाइलवर आलेला ‘तुमचं खातं बंद होईल’ हा मेसेज खरा की फसवा हे ओळखायला नुसतं इंग्रजी पुरत नाही. कोण बोलतंय, का बोलतंय, मला घाई का करतंय, हे प्रश्न मनात यावे लागतात.

दोन्ही प्रकार शेजारी ठेवून शिकवायचे असतील तर माझ्या मते आपल्याकडे आनंदीबाई जोशींइतका चांगला विषय नाही. 1865 साली जन्मलेली, कल्याणमध्ये वाढलेली मुलगी, 1883 मध्ये नवऱ्याला मागे ठेवून बोटीने अमेरिकेला जाते, 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होते आणि 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात वारते. एवढं मुलांना बहुधा माहीत असतं. त्यांना हे माहीत नसतं की निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला तिने इंग्रजीत भाषण केलं होतं. लोक तिला विचारत होते ते प्रश्न तिने स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं: अमेरिकेला का जातेस, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय. तिच्या मृत्यूनंतर कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी 1888 मध्ये इंग्रजीत तिचं चरित्र लिहिलं, त्यात ते भाषण आहे. इकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं. आणि श्री. ज. जोशींनी 1968 मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली.

दहावीला असा एक तास घ्या. भाषणातले फक्त दोन प्रश्न फळ्यावर लिहा, उत्तरं नकोत. मुलींना विचारा, आज तुला पुण्याला शिकायला जायचं असेल तर गावातले, घरातले काय काय विचारतील? ते इंग्रजीत लिहू दे. त्यानंतर आनंदीबाईंच्या उत्तरातली चार-पाच वाक्यं द्या. जुनी इंग्रजी आहे, थोडी सोपी करून दिलीत तरी हरकत नाही, पण सोपी केली आहे हे मुलांना सांगा. मग खरा प्रश्न विचारा. कादंबरीत आनंदी आणि तिचे पती गोपाळराव घरात दोघंच असताना बोलतात. तिथे तिसरं कोणी नव्हतं. मग ते बोलणं लेखकाला कसं कळलं? चरित्रकाराला असं लिहिता येईल का? त्याला पत्र दाखवावं लागेल, कोणाची तरी आठवण दाखवावी लागेल. कादंबरीकाराला ती मोकळीक आहे, पण त्यालाही बंधन आहे, कारण त्याची आनंदी पहिल्या पानावर एक आणि शंभराव्या पानावर भलतीच वागली तर आपण पुस्तक मिटून ठेवू. या एका प्रश्नावर माझा अख्खा तास गेला होता आणि घंटा झाल्यावरही चार मुलं टेबलाभोवती उभी होती.

मुलं परीक्षेचं विचारणार, मुख्याध्यापकही विचारतील. तर त्यांना सांगा की कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा असतो, आणि तिथे उतरवून घेतलेलं एकही उत्तर कामाला येत नाही. उताऱ्याखालची शेवटची, स्वतःचं मत लिहायची दोन गुणांची कृती मुलं कोरी सोडतात किंवा गाइडमधलं ठोकळेबाज वाक्य चिकटवतात. ज्याने वर्षभर ‘कुठल्या ओळीवरून?’ आणि ‘कशावरून?’ ऐकलंय त्याच्याकडे तिथे लिहायला काहीतरी असतं. सगळे पाठ असे घेणं शक्य नाही हे मला ठाऊक आहे. 35 मिनिटांचा तास, पुढे चाचणी, मध्येच कुठलं तरी प्रशिक्षण, ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. म्हणून सत्रात दोन गोष्टी आणि दोन लेख एवढेच निवडा आणि ते मनापासून घ्या. बाकीचे तुमच्या नेहमीच्या पद्धतीने झाले तरी अपराधी वाटून घेऊ नका.

पहिले दोन-तीन तास फसतील. तुम्ही प्रश्न विचाराल आणि वर्ग तुमच्याकडे बघत बसेल, कारण उत्तर बाई देतात हे त्यांना आजवर माहीत आहे. तेव्हा घाईने उत्तर देऊ नका. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. मला तर पहिल्यांदा चाळिसापर्यंत मोजावे लागले होते.

आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं काय करायचं? तुम्ही त्याला ‘नाही रे, गोष्ट आहे ती’ म्हणालात, ते चूक नव्हतं, पण तिथे दार बंद झालं. सोमवारी तीच गोष्ट पुन्हा उघडा आणि सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणा, ‘तू विचारलंस त्याचा मी विचार करत होते. हे घडलेलं नाही. पण घडू शकेल का? यातलं कुठलं वाक्य तुला खरं वाटलं आणि कुठलं पटलं नाही?’ तो बहुधा लाजेल, खांदे उडवेल. त्याला पेन्सिल द्या, पटलेल्या वाक्याखाली एक रेघ आणि न पटलेल्याखाली दोन रेघा मारायला सांगा, आणि तुम्ही दुसऱ्या बाकाकडे जा. परत त्याच्यापाशी आल्यावर त्याने दोन रेघा कुठे मारल्या आहेत ते बघा. मला नक्की कळवा.

तुमची,
बाई